एका संगणकात दोन बिऱ्हाडे

नव्यासाठी जुने कधी सोडावे, हा प्रश्न दहावीनंतर आपल्या सर्वांपुढे होता. संगणकाच्या इतिहासातही तो आला. 1991 साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स आपल्या 386 संगणकावर मिनिक्स ही प्रणाली वापरत असे. तिच्याच आधाराने त्याने त्याच यंत्रावर लिनक्स उभारली. एकदा मोडेमला द्यायची फोन लावण्याची आज्ञा चुकून डिस्कला गेली आणि मिनिक्सचा विभाग बिघडला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी तो लिनक्सवरच राहिला. तोवर ती पुरेशी तयार झाली होती. पुढे मीही ‘लिलो’च्या मदतीने डॉस आणि लिनक्स एकत्र नांदवले. संगणक सुरू करताना रोज निवड करायची. नवे घर राहण्याजोगे होईपर्यंत जुने पाडू नये, हे मला तेव्हा पटले.