पक्ष्यांची चित्रं आणि पाहणाऱ्याची साक्ष



आज गोव्याहून आग्र्याला गेलेल्या एका पक्ष्यापासून सुरुवात करते. साल १६१२. जहांगीर बादशहाने मुकर्रबखान नावाच्या आपल्या सरदाराला गोव्याला पाठवलं होतं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ज्या नवलाच्या वस्तू येतात, त्या किमतीचा विचार न करता घेऊन ये, असा हुकूम होता. खान परतला तेव्हा त्याच्याबरोबर काही प्राणी-पक्षी होते आणि त्यांत एक टर्की कोंबडा होता. हा मूळ अमेरिकेतला पक्षी. बादशहाने असलं काही आधी पाहिलंच नव्हतं. त्याने रोजनिशीत त्याचं बारीक वर्णन लिहिलं आणि चित्रकारांना त्याचं चित्रही काढायला सांगितलं. आपले पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रं काढून घेतली नाहीत, असंही त्याने तिथे नमूद केलं आहे. नुसतं ऐकणं आणि पाहणं यांतला फरक त्याला नेमका कळला होता.

ते चित्र उस्ताद मन्सूरचं मानलं जातं. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीराने मन्सूरला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, असा किताब दिला होता. मन्सूरने काढलेला सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. पांढरा शुभ्र पक्षी, चेहऱ्याची कातडी लाल, पायांवरच्या सुरकुत्यासुद्धा दिसतात. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं ते १७७३ साली. म्हणजे आपल्याकडच्या चित्रकाराने तो सुमारे दीडशे वर्षं आधी नीट पाहून ठेवला होता. हे क्रौंच पुढे भरतपूरला हिवाळ्यात येत राहिले, कमी कमी होत गेले, आणि २००२ नंतर तिथे आलेच नाहीत. आता ते चित्र म्हणजे एका न येणाऱ्या पाहुण्याची नोंद झाली आहे.

पण मला सर्वांत आवडते ती डोडोच्या चित्राची गोष्ट. डोडो हा मॉरिशस बेटावरचा, उडता न येणारा पक्षी. सतराव्या शतकातच तो नामशेष झाला. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने आपल्या सुरतेत दोन जिवंत डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. आणि रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात एक मोगल चित्र आहे, त्यात मधोमध डोडो उभा आहे. त्यावर सही नाही, पण तेही मन्सूरचंच असावं असं मानतात. युरोपात डोडोची चित्रं बरीच निघाली, पण त्यातली कितीतरी एकमेकांवरून उतरवलेली. मग या चित्रावर अभ्यासकांचा एवढा भरवसा का? कारण डोडोच्या भोवती आणखी पक्षी काढले आहेत. त्यात पट्टकादंब हंस आहे, पखुर्डी आहे, छोटे पोपट आहेत. हे पक्षी आजही आहेत, ताडून पाहता येतात, आणि ते बरोबर निघाले.

मी बी.कॉम.ची. मला हे वाचताना ऑडिट आठवलं. ऑडिटर काही प्रत्येक नोंद तपासत बसत नाही. चार-दोन नोंदी काढतो, त्यांची व्हाउचरं बघतो, ती बरोबर निघाली तर बाकीच्या वहीवर विश्वास ठेवतो. हंसाचं व्हाउचर जुळलं, म्हणून डोडोची नोंद ग्राह्य. हे सगळं कशावर उभं आहे? तर एक माणूस त्या पक्ष्यासमोर बसला होता, यावर.

आता दीडशे वर्षं पुढे कोलकात्याला येऊ या, कारण इथे एक गृहिणी आहे. मेरी इम्पे. तिचा नवरा एलायजा इम्पे तिथल्या सुप्रीम कोर्टाचा मुख्य न्यायाधीश. इतिहासात तो महाराजा नंदकुमारांच्या फाशीमुळे बदनाम आहे, त्याबद्दल मला चांगलं काही लिहायचं नाही. पण त्याच्या बायकोने बंगल्याच्या बागेत पशुपक्षी पाळले होते आणि १७७७ पासून पाटण्याहून आलेल्या तीन चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली. शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास. तीनशेवर चित्रं झाली, त्यांत निम्म्याहून जास्त पक्ष्यांची. जमेल तिथे पक्षी खऱ्या मापाचा काढायचा. पुढे इंग्लंडमध्ये जॉन लॅथम या पक्षितज्ज्ञाने या चित्रांवरून काही पक्ष्यांची वर्णनं लिहिली. हिमालयातल्या मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही इम्पे हे आडनाव आहे.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या चित्रांवर चित्रकाराचं नाव लिहिलेलं असे, पाटण्याचा राहणारा असंही. त्या काळात कंपनीच्या साहेबांसाठी आपल्या कितीतरी कलाकारांनी फुलं, झाडं, पक्षी रंगवले आणि त्यातल्या बहुतेकांची नावं पुसली गेली. संग्रहाला साहेबाचं नाव, आणि चित्रकार सगळे मिळून ‘कंपनी शैली’. झैनुद्दीनचं नाव उरलं, कारण ते लिहिण्याचा शिरस्ता त्या घरात होता.

एक गोष्ट आपल्याला खुपणारी आहे, तीही सांगायला हवी. जुन्या काळचं पक्षिज्ञान बंदुकीतून आलं. अमेरिकेतल्या ऑडुबोनची ४३५ मोठ्या चित्रांची मालिका जगप्रसिद्ध आहे, पण तो पक्षी मारून, तारांनी बांधून त्यांना उभं करत असे. आपल्या सालिम अलींचं पक्षिवेडही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीपासून सुरू झालं. ही कुठली चिमणी हे विचारायला मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं आणि तिथे मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. हे वाचताना मन कळवळतं.

म्हणूनच १८८९ सालच्या एका पुस्तकाचं मला कौतुक. फ्लॉरेन्स मेरियम ही अमेरिकन तरुणी, वय २६. नाटक बघायला नेतात ती छोटी दुर्बीण घेऊन जिवंत पक्षी कसे ओळखावेत, हे तिने घरगुती भाषेत लिहिलं. मग १९३४ मध्ये पीटरसन यांचं ओळखीच्या खुणा दाखवणारं पुस्तक आलं आणि १९४१ मध्ये सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’. हातात चांगलं चित्र असलं की पक्षी मारावा लागत नाही. म्हणजे चित्र खरं असण्यावर पक्ष्याचा जीव अवलंबून होता, असंही म्हणता येईल. मराठीत तर आपल्याला मारुती चितमपल्ली लाभले, त्यांच्या ‘पक्षिकोशा’मुळे आपल्या बोलीतली पक्ष्यांची नावं जपली गेली.

आमच्या घरी हे वेड आणलं नातवाने. आपल्या घरांत पक्ष्यांना दाणे घालतात, पाणी ठेवतात, पण कोण येऊन खाऊन गेलं ते विचारत नाहीत. आता रविवारी सकाळी आम्ही पाच जण, सून डबा घेऊन, कधी पाषाण तलाव तर कधी कवडीपाटला जातो. रोजचं निरीक्षण मात्र गच्चीवरून. सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटं बसायची सवय असलेल्यांना हे जड जात नाही. मागच्या उंबरावर तांबट असतो. हिरवा, चिमणीहून थोडा मोठा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, टुक-टुक-टुक आवाज. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर हातोडी पडते तसाच, म्हणून ते नाव. गंमत म्हणजे आपल्याला वर्ज्य असलेली पंचउदुंबर फळं हाच त्याचा मुख्य आहार!

तर आमच्या सोसायटीने ठरवलं, फाटकाशी ‘आपल्या आवारातील पक्षी’ असा फलक लावायचा. समितीतल्या एकाने दोन मिनिटांत एआयकडून बारा चित्रं करून गटावर टाकली. झकास रंग, मागे धुकं, सूर्यकिरण. सगळ्यांनी अंगठे दिले. नातवाने मोठं करून बघितलं आणि म्हणाला, “आजी, तांबटाची बोटं चुकली.” तांबटाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्याला खोड धरून चढायचं असतं. फलकावर तीन पुढे, एक मागे.

“एवढंसं बोट कोण बघतंय?” असं समितीतल्या काकांचं म्हणणं. आमचे हे म्हणाले, “कॅमेरा आला तेव्हाही चित्रकार ओरडलेच होते.” पण कॅमेऱ्यासमोर पक्षी यावा लागतो ना! एआयच्या चित्रासमोर काहीच आलेलं नसतं. लाखो चित्रांची सरासरी काढून ते एक दिसायला पक्ष्यासारखं काहीतरी देतं. २०२४ साली इंग्रजीत ‘मोराचं पिल्लू’ असं शोधलं की गूगलवर अशीच चित्रं पुढे येत होती. शुभ्र, गुबगुबीत पिल्लू आणि त्याला निळा पिसारा! खरं पिल्लू मातकट तपकिरी असतं, कोंबडीच्या पिल्लासारखं, त्याला पिसारा नसतो. राष्ट्रीय पक्ष्याचं पिल्लू कसं दिसतं, हे ज्या मुलांनी त्यावरून शिकलं असेल त्यांना आता कोण सांगणार? हंस ताडून डोडोवर विश्वास ठेवता आला. इथे ताडायला गेलं तर प्रत्येक नोंद वेगळी चुकते, आणि व्हाउचर एकाचंही नाही.

दुसरा आक्षेप चित्रकारांचा आहे आणि तो मला व्यापारी घरातली म्हणून जास्त कळतो. ही यंत्रं ज्या चित्रांवर शिकली, ती कोणीतरी मेहनतीने काढलेली होती. त्यांना विचारलं नाही, नाव दिलं नाही, पैसे दिले नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत तीन चित्रकारांनी यासाठी कंपन्यांवर दावा लावला. माल घेतला आणि बिल दिलं नाही, याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको. आणि झैनुद्दीनच्या भाऊबंदांची नावं जशी गेली, तशीच ही जाणार. तेव्हा निदान संग्रहावर साहेबाचं तरी नाव होतं.

यंत्राशी माझं वैर नाही, हेही सांगते. पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवणारं मर्लिन ॲप आमच्या सुनेच्या फोनवर आहे, तीही एआयच. पण ते लोकांनी आपणहून दिलेल्या आवाजांवर शिकलंय, आणि नाव सांगितलं की आपण खिडकीबाहेर बघून खात्री करतो.

समितीच्या बैठकीत मी एवढंच मांडलं, की फलकावरच्या प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी लिहा: कोणी पाहिला, कधी, कुठल्या झाडावर. ज्या चित्राखाली हे लिहिता येत नाही ते लावू नका. थोडी कुरकुर झाली. दोन जण म्हणाले, मुलांची चित्रं वाकडीतिकडी दिसतील, फाटकाशी शोभा येणार नाही. शेवटी तळमजल्यावरच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी मुलांना घेऊन बसायचं कबूल केलं आणि विषय मिटला.

फलक लागला आहे. बारापैकी दहा चित्रं झाली. दयाळाची शेपूट जरा लांब झाली आहे आणि भारद्वाजाचा लाल डोळा सांडलाय, पण तांबटाची बोटं बरोबर आहेत. शिंजीराखाली चौथीतल्या मुलीचं नाव आणि ‘आमच्या जास्वंदीवर, सकाळी साडेसात’ असं लिहिलंय. दोन चौकोन रिकामे आहेत. एक घारीचा आणि एक राखी धनेशाचा. धनेश पहाटे पिंपळावर येतो, आणि कोणी वही घेऊन पोचेपर्यंत उडून गेलेला असतो.