चिलखत उलटे करून पाहा

भवानी, तुळजा, जगदंबा. शिवरायांच्या तलवारींची ही नावे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतात. ज्या चिलखताने त्यांचा जीव राखला त्याला नाव नाही आणि ते घडवणाऱ्याचाही कुणाला पत्ता नाही. जुन्या धातूच्या वस्तूंची निगा राखणे हे माझे रोजचे काम. तलवारी हाताखालून पुष्कळ गेल्या, पण जीव गुंतला तो चिलखतातच.

१० नोव्हेंबर १६५९ची प्रतापगडाखालची अफझलखानाची भेट आठवा. महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत चढवले होते. सभासदाने बखरीत लिहिले आहे की खानाने कुशीत जमदाड (कट्यार) चालवली, ती चिलखतावर घासत गेली, अंगाला लागली नाही. पुढचा वाघनखांचा प्रसंग सगळेच रंगवून सांगतात. त्याआधीचा जीवघेणा क्षण लोखंडी कड्यांनी निभावला, हे सांगायचे राहून जाते.

त्या काळचे साखळीचे चिलखत कधी हाताळायला मिळाले, तर उलटे करून भिंगाखाली धरा. लोखंडी तारेचे इवलेसे वेटोळे, दोन्ही टोके ठोकून चपटी केलेली, एकावर एक चढवलेली आणि त्यांतून भोक पाडून बसवलेली रिवेट. अशी प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतलेली असते. हजारो कड्यांचे हे विणकाम आठ-दहा किलोंच्या घरात जाते. कित्येक चांगल्या चिलखतांत एक ओळ रिवेटच्या कड्यांची, तर पुढची अखंड कड्यांची असते. म्हणजे निम्म्या कड्यांना सांधाच नाही. काहींत कडीच्या मधोमध आडवी दांडी ठेवलेली असते, भोक आणखी बारीक व्हावे म्हणून. कड्यांची टोके नुसतीच भिडवलेली असली आणि पितळ-तांब्याच्या कड्यांची नक्षी विणलेली असली, की मी समजते, हे बहुधा दरबारात मिरवायचे काम. उघड्या तोंडाची कडी जोराच्या भोसकणीपुढे टिकत नाही, उसवते.

कड्यांनी धार अडते, धक्का अडत नाही. तलवारीचा वार चिलखतावर बसला तर कातडी शाबूत राहील, आतले हाड मोडेल. म्हणून आत रुईभरला जाड अंगरखा हवाच. कापसाचे थर एकावर एक ठेवून, गोधडीला घालतात तसे दाट टाके घालून हा अंगरखा शिवत. लोखंड ज्याला परवडत नसे त्या स्वाराची सारी भिस्त यावरच असे. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त शस्त्रागाराची यादी देताना असे थरांचे कापडी चिलखतही लोखंडी चिलखतांच्या बरोबरीने नोंदवले आहे. दौडीवर जगणाऱ्या मराठी घोडदळाला हलकेपणा हेही संरक्षणच होते. दिवसभर मजल मारणाऱ्या घोड्यावर वजन किती लादायचे, याचा हिशेब आधी व्हायचा.

सरदारांकडे याहून एक पायरी वरचे साधन होते, चारआईना. चार पोलादी पत्रे: एक छातीवर, एक पाठीवर, दोन दोन्ही बगलांखाली. हात मोकळा फिरावा म्हणून बगलेच्या पत्र्यांची वरची कड अर्धगोल कापलेली असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे १५८१चे पोलादी उरस्त्राण आहे. लोक त्यावरचे सोन्याचे काम पाहतात. मला छातीवरच्या पत्र्याचा तो बाक पाहावासा वाटतो, कारण बाकदार पत्र्यावरून टोक निसटते.

हल्ला करणारेही हातावर हात ठेवून बसले नव्हते. कट्यारीचे टोक मुद्दाम जाड ठेवू लागले, कडीत शिरून ती फाकवण्यासाठी. कड्या बारीक का झाल्या आणि मर्मस्थानी पत्रे का आले, याचे उत्तर त्या टोकात आहे.

दख्खनची चिलखते आज दूर दूर सापडतात. १६८९मध्ये आदिलशाहीचा अदोनीचा किल्ला मोगलांकडे गेला, तेव्हा बिकानेरच्या राजा अनुपसिंगाने तिथली शस्त्रे आणि चिलखते आपल्या शस्त्रागारात नेली. पुढे त्यांतली काही जगभरच्या संग्रहांत पोचली. अनेकांवर टिंबाटिंबांनी ठोकलेली देवनागरी अक्षरे आहेत, त्यात जिंकणाऱ्याचे नाव येते. घडवणाऱ्याचे येत नाही.

बंदुकीपुढे कड्यांचे काही चालेना. गोळी आत शिरताना तुटक्या कड्याही जखमेत ओढून नेई. अठराव्या शतकात कवायती पलटणी वाढल्या, तसे शिपायाच्या अंगावर नुसते कापड उरले.

मात्र तो जुना विचार मेला नाही. १९६५मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत केवलारच्या धाग्याची वाट मोकळी केली आणि चिलखत पुन्हा विणले जाऊ लागले. आजच्या बुलेटप्रूफ जॅकेटात अशा धाग्यांचे थर आणि छाती, पाठ, कुशी झाकणारे कठीण पत्रे असतात. चारआईन्याचीच ही मांडणी. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘भाभा कवचा’त बोरॉन कार्बाइड वापरले आहे. अशा सिरॅमिकवर आपटून गोळीचा चुरा होतो आणि उरलेला मारा मागचे थर झेलतात. चाचणी घेताना जॅकेटमागे चिकणमाती ठेवतात आणि गोळी झाडल्यावर मातीत पडलेला खळगा मोजतात. गोळी अडली तरी धक्का किती पोचला, हे त्यावरून कळते. रुईभरला अंगरखा शिवणाऱ्यालाही हीच काळजी होती.

म्हणून वस्तुसंग्रहालयांकडे माझे एक आग्रहाचे मागणे आहे. चिलखत पुतळ्यावर चढवून लांबून दाखवू नका. त्याची एक बाही उलटी करून मांडा, शेजारी भिंग ठेवा, आणि धन्याच्या नावाआधी पाटीवर लिहा की ही कडी कशी ठोकली, ती काय अडवत होती आणि कशापुढे हरत होती. आपल्या पूर्वजांचे शौर्य आपण अभिमानाने सांगतो. ते जिवंत घरी परतावेत म्हणून ज्यांनी रिवेटमागून रिवेट ठोकली, त्यांच्या हातांनाही त्या इतिहासात जागा हवी.