जुन्या कागदांतील पाऊस आणि मृगसाल

दप्तर चाळतांना महजर, निवाडपत्रें, वतनपत्रें आपण जपून बाजूस काढतों. पर्जन्य न झाल्यामुळें अमुक गांवास साऱ्याची सूट दिली, एवढाच मजकूर असलेले कागद मात्र बहुधा रद्दींत जातात. प्रस्तुत लेखकाचाही हात पूर्वीं असाच चालत असे. ही चूक लहान नाहीं.

हिंदुस्थान सरकारचें हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. त्यापूर्वींच्या शतकांचें पर्जन्यमान अप्रत्यक्ष साधनांवरूनच ताडावें लागतें. बस्तरांतील दंडक गुहेंत ठिबकत्या पाण्यानें सांचलेल्या चुन्याच्या थरांवरून, चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत मोसमी पाऊस वारंवार क्षीण झाल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. दुर्गादेवीचा दुष्काळ ह्याच काळांतला, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच. परंतु पाषाण गांव सांगत नाहीं, नक्षत्रही सांगत नाहीं. महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. घाट उतरून वाईस यावें, तों तो हजाराच्या आंत! अशा मुलखांत कोणत्या तर्फेंत पाऊस चुकला, हें न सांगतां नुसतें 'अवर्षण' म्हणणें व्यर्थ होय.

शिवाय अनर्थ केवळ अवर्षणानेंच होतो असें नाहीं. १६३० सालीं गुजराथ व दख्खन येथें पाऊस चुकला. पुढील वर्षीं गुजराथेंत अतिवृष्टीनें हातचें पीक गेलें. हें पाठोपाठचें कोरडें-ओलें संकट आज अपरिचित राहिलेलें नाहीं. १९५० ते २०१५ ह्या अवधींत मध्य भारतांतील मोसमी पावसाचें एकंदर मान घटलें, आणि विस्तीर्ण प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग मात्र सुमारें तिप्पट झाले. अरबी समुद्र तापल्यानें बाष्पाचे लोट अनियमितपणें येतात, हें त्याचें एक कारण दिलें जातें. तेव्हां वर्षाची बेरीज पाहून भागत नाहीं. पाऊस केव्हां व कोठें पडला, हें पाहिलें पाहिजे, आणि तें आपल्या कागदांत आहे.

मात्र तेथें एक खांच आहे. आज मृग ७-८ जूनला निघतो. आपलें नक्षत्रमान निरयन असल्यामुळें तो ऋतूंच्या मानानें हळूहळू पुढें सरकतो. १६३० सालीं तो आजच्या गणनेनें पांच-सहा दिवस आधीं निघत असे. त्या काळच्या इंग्रज वखारवाल्यांच्या तारखा तर जुन्या गणनेच्या, म्हणजे आणखी दहा दिवस मागें. हा फरक न काढतां 'तेव्हां मृगाचा पाऊस वेळेवर होता, आतां उशिरां येतो' असें लिहिणें धाडसाचें आहे.

दुसरें असें कीं, शुहूर सन मृगावर पालटतो; म्हणून तर त्यास मृगसाल म्हणतात. रोहिणींतील वळवाचा पाऊस त्यामुळें मावळत्या सालांत पडतो व मृगाचा नव्या सालांत. एकाच पावसाळ्याच्या तोंडचे दोन कागद दोन सनांचे दिसले, तर त्यांना दोन निरनिराळ्या वर्षांचे पावसाळे समजूं नये. संग्राहकांनीं टिपण करतांना सन, गांव, तर्फ व नक्षत्र हीं चारही उतरून घ्यावींत. कागद फाटका असल्यास निदान गांव व नक्षत्र तरी.