प्रवरेच्या काठी कैसराचा मुखवटा

देवळाली प्रवरेच्या परिसरातून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशावरून जाऊन प्रवरासंगमास गोदावरीला मिळते. गोदावरीच्या काठी आणखी खाली सातवाहनांचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली नेवाशास उत्खनन झाले, तेव्हा भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे तेथे मिळाली. ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथ पैठणचा माल भडोच बंदरी जात असल्याचे सांगतो. रोमन नाणी तेथे नफ्याने बदलली जात, हेही नोंदवितो.

म्हणूनच नांगरटीत मुखवटा असलेले चांदीचे नाणे सापडले, की ते रोमन मानण्याचा मोह होतो. परंतु पारख केल्यावाचून तसे म्हणू नये.

रोमचे चांदीचे नाणे म्हणजे दिनार. प्रभू येशूच्या काळी त्याचे वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास असे. भारतात त्याचे दोन प्रकार विशेष आढळतात. पहिला ऑगस्टसचा, त्याच्या मागील बाजूस गायस व लुसियस हे त्याचे दत्तक पुत्र ढाली-भाल्यांसह उभे असतात. दुसरा तिबेरियसचा, पुढे पर्णमुकुट घातलेले मस्तक, मागे हाती राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री आणि ‘पाँतिफ माक्सिम’, म्हणजे प्रमुख धर्माधिकारी, हा लेख. पुढे हीच पदवी पोपमहोदयांसाठी रूढ झाली. परूशी लोकांनी कराविषयी प्रश्न करून प्रभूपुढे धरलेले नाणे याच प्रकारचे होते, असे परंपरा मानते. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने दिनारातील चांदी घटविली. त्यामुळे जुन्या, कसदार नाण्यांना येथे अधिक मागणी असावी.

महाराष्ट्रात मात्र रोमन नाणी दक्षिण भारताच्या मानाने थोडी सापडतात. आपल्याकडे फसगत होते ती क्षत्रप नहपानाच्या नाण्यांमुळे. त्यांवरही राजाचा मुखवटा आहे आणि त्याभोवती ग्रीक वळणाची अक्षरे आहेत. परंतु त्यांचे वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपासच भरते, आणि मागे बाण, वज्र, ब्राह्मी व खरोष्ठी लेख असतात. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे अशी तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविला आहे. नव्या ठशाखाली पराभूत राजाचा चेहरा अनेक नाण्यांवर अजूनही दिसतो. एका राजवटीचा अंत आणि दुसरीचा उदय चांदीच्या एवढ्याशा चकतीवर वाचता येतो.

हा मुखवटा कोणाचा आणि हा लेख कोणाचा, हा शुभवर्तमानातील प्रश्नच नाणकशास्त्राचाही पहिला प्रश्न होय. सोनाराच्या मुशीत नाणे वितळले, की तो विचारताच येत नाही. घासूनपुसून चकचकीत केले, तरी अक्षरे झिजतात. कोणत्या शेतात, किती खोलीवर, कशाबरोबर मिळाले हे विसरले, तर उत्तर अर्धेच राहते. १८७८ च्या भूमिगत धनविषयक कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक केले आहे. ज्याचे त्याला देण्याची शिकवण मानणाऱ्या आपण, इतिहासाचे हे देणे बुडवू नये.