सहचरी ते निवेदिका : व्यसनमुक्तीच्या इतिहासातील स्त्रीकथन

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली, लेखकाच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. सुधाकराच्या मद्यासक्तीची ही शोकांतिका असली, तरी मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात ती सिंधूच्या सोसण्याची कथा म्हणून रुजली. बालगंधर्वांनी साकारलेली सिंधू दळण दळते, उपासमार सोसते आणि पतीला दोष देत नाही. तळीरामाची पत्नी गीता तिच्याहून फटकळ आहे. परंतु दोघींचेही नाट्यगत स्थान एकच आहे. व्यसन पुरुषाचे आणि परिणाम स्त्रीचा, अशी ही विभागणी आहे. ती केवळ एका नाटकापुरती मर्यादित नाही. व्यसन आणि व्यसनमुक्ती यांविषयीच्या आधुनिक लेखनाने स्त्रीला प्रथम साक्षीदार मानले, पुढे शुश्रूषा करणारी मानले आणि स्वतःच्या व्यसनाची निवेदिका म्हणून फार उशिरा ओळखले. या विलंबाचा उपचारपद्धतींवर झालेला परिणाम वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही विचारात घेण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकात मद्यपानविरोधाने स्त्रियांना सार्वजनिक वाणी दिली. अमेरिकेत १८७४ साली स्थापन झालेल्या ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ या संघटनेने मद्यबंदीच्या मागणीबरोबरच स्त्रीमताधिकाराचीही बाजू घेतली. पंडिता रमाबाईंनी या संघटनेचे कार्य प्रत्यक्ष पाहिले, तिच्या व्यासपीठावरून भाषणे दिली आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथात मराठी वाचकाला तिचा परिचय करून दिला. शंभर वर्षांनंतर, १९९२ साली, आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा येथील साक्षरता वर्गांतून गावठी दारूविरोधी आंदोलन उभे राहिले आणि १९९५ मध्ये राज्यात दारूबंदी आली. ती १९९७ मध्ये शिथिल झाली, तरी नवसाक्षर स्त्रियांच्या वाचनातून राजकीय कृती घडली हे त्या आंदोलनाचे वेगळेपण टिकून राहते. या दोन्ही चळवळींत स्त्री बोलते ती घराच्या वतीने. तिचे नैतिक बळ ती स्वतः पीत नाही या गृहीतकावर उभे असते. परिणामी, पिणाऱ्या स्त्रीसाठी या भाषेत उभे राहायलाच जागा उरत नाही.

हाच पेच १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन येथे सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या स्वयंसाहाय्य चळवळीत अधिक स्पष्ट दिसतो. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या मूलग्रंथात सदस्यांच्या आत्मकथा आहेत. त्यातील ‘टू वाइव्ह्ज’ हे प्रकरण पत्नींच्या तोंडी घातलेले आहे. प्रत्यक्षात ते संस्थापक बिल विल्सन यांनी लिहिले. त्यांच्या पत्नी लोइस यांना ते स्वतः लिहावयाचे होते आणि ती संधी न मिळाल्याची खंत त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदविली. १९५१ साली त्यांनीच कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ ही संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. मूलग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत व्यसनी स्त्रीची आत्मकथा एकच आहे : फ्लोरेन्स आर. यांची ‘अ फेमिनाइन व्हिक्टरी’. विजयाचे नाव धारण करणाऱ्या या कथेची लेखिका पुढे पुन्हा मद्याकडे वळली आणि त्यातच तिचा अंत झाला.

१९५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही कथा राहिली नाही. पहिल्या आवृत्तीतील पुरुषांच्याही बहुतेक कथा तेव्हा वगळल्या गेल्या, हे खरे. मात्र पुरुषांच्या कथा अनेक होत्या. स्त्रीची एकच होती. तिच्यानंतर त्या ग्रंथात प्रतिष्ठा मिळाली ती मार्टी मान (१९०४–१९८०) यांच्या ‘विमेन सफर टू’ या कथेला. कनेक्टिकटमधील एका खासगी मानसोपचार केंद्रात असताना डॉ. हॅरी टीबाउट यांनी त्यांना मूलग्रंथाचे हस्तलिखित वाचावयास दिले होते. १९३९ साली त्या न्यूयॉर्कच्या सभांना जाऊ लागल्या. १९४४ साली त्यांनी मद्यासक्ती हा आजार आहे या विचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय समिती स्थापन केली. पापाच्या जागी आजार हा शब्द आल्याने उपचाराचा मार्ग सर्वांसाठीच सुकर झाला. स्त्रीच्या बाबतीत तर त्या शब्दाने चारित्र्यावरचा डागही काहीसा सौम्य केला. तरीही सार्वजनिक जीवनात त्या ‘मिसेस’ ही उपाधी लावीत, यद्यपि त्यांचा विवाह कधीच संपुष्टात आला होता. आजाराची कबुली देणाऱ्या स्त्रीलाही समाजापुढे उभे राहण्यासाठी विवाहितेच्या प्रतिष्ठेचा आधार लागत होता, असा याचा अर्थ लावता येतो.

पुढचा प्रश्न कथनरूपाचा होता. या चळवळीतील आत्मकथेचा आकृतिबंध ठरलेला असतो : अहंकार, अधःपात, शरणागती, पुनरुत्थान. समाजशास्त्राच्या अभ्यासक जीन कर्कपॅट्रिक यांनी या आकृतिबंधाच्या पायालाच हात घातला. १९७५ साली पेनसिल्व्हेनियातील क्वेकरटाउन येथे ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही संघटना स्थापताना त्यांची भूमिका अशी होती, की अपराधभावाने आधीच खचलेल्या स्त्रीला नम्रतेचा उपदेश उपयोगाचा नाही. तिला आत्मप्रतिष्ठेची गरज आहे. म्हणून त्यांनी बारा पायऱ्यांऐवजी तेरा विधाने रचली. ज्यापाशी अहंकारच नव्हता त्याने विसर्जन कशाचे करावे, हा प्रश्न मराठी वाचकालाही परका नाही. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) मध्ये रमाबाई रानडे यांनी स्वतःचे आयुष्य पतीच्या चरित्राच्या कडेने सांगितले. जिथे ‘मी’ उच्चारणेच कष्टसाध्य, तिथे त्या ‘मी’चा त्याग ही दुसरी पायरी ठरते, पहिली नव्हे.

योगायोगाने १९७५ सालीच मेरीलँडमध्ये ‘ऑक्सफर्ड हाउस’ हा निर्व्यसनी सहनिवासाचा प्रयोग सुरू झाला. रहिवाशांनी भाडे वाटून घ्यावे, घर लोकशाही पद्धतीने चालवावे आणि पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्याने घर सोडावे, असे त्याचे नियम. आरंभी हे घर पुरुषांचे होते. स्त्रियांसाठी, तसेच मुलांसह राहणाऱ्या मातांसाठी अशी घरे नंतर झाली. उपचारासाठी घर सोडणाऱ्या पुरुषाची मुले पत्नी सांभाळते. स्त्री घर सोडते तेव्हा मुले कोणापाशी राहणार, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत तिचा उपचार लांबतो.

भारतात व्यसनमुक्तीच्या संस्थात्मक कार्याची पायाभरणी करणाऱ्यांत स्त्रिया अग्रभागी आहेत. पतीचे मद्यासक्तीने निधन झाल्यावर शांती रंगनाथन यांनी १९८० साली चेन्नईत उपचार व संशोधनाचे कार्य सुरू केले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ उभारले. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा गट निर्माण झाला. व्यसनी स्त्रियांसाठीचा ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग २००९ साली आला. हा क्रम संस्थेचा दोष नव्हे. दाराशी प्रथम कोण येऊ शकत होते, त्याचे ते प्रतिबिंब आहे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ या वयोगटातील २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के स्त्रिया मद्यपान करणाऱ्या आढळल्या. प्रमाण अल्प असल्याने व्यवस्था अल्प राहते आणि ज्या गोष्टीसाठी व्यवस्था नाही ती लपविली जाते. अशा स्थितीत व्यसनी स्त्री सिंधूच्या प्रतिमेशी तोलली जाते आणि प्रत्येक वेळी उणी ठरते.

मार्टी मान यांची कथा वाचून अनेकींना वाट सापडली असेल. फ्लोरेन्सची कथा मात्र ग्रंथाबाहेर गेली. लिहिली गेली तेव्हा ती खोटी नव्हती. व्यसनमुक्ती हा एकदाच जिंकावयाचा गड नसून रोज राखावयाची सीमा आहे, असे मानणाऱ्या परंपरेनेही आपल्या पहिल्या निवेदिकेचा मधला, अपुरा विजय जपला नाही. व्यसनमुक्तीचे स्त्रीकथन अभ्यासताना म्हणून केवळ यशस्वी आत्मकथा पुरेशा नाहीत. त्या आवृत्त्यांतून गळलेली पानेही वाचली पाहिजेत. उपचार घेऊन पुन्हा घसरलेली आणि पुन्हा दाराशी आलेली स्त्री बोलू लागेल, तेव्हा तिला ऐकण्याची सवय त्या वाचनातूनच लागलेली असेल.