पासपोर्ट भारताचा, मत आयर्लंडमध्ये: परदेशात राहणाऱ्यांना तिथल्या स्थानिक निवडणुकीत भाग घेता येतो का?

डब्लिनमध्ये नर्स म्हणून काम करणारी, भारतीय पासपोर्ट असलेली व्यक्ती तिथल्या नगरसेवकाच्या निवडणुकीत मत देऊ शकते का? बहुतेकांचं उत्तर असतं, 'नाही, त्यासाठी आधी तिथलं नागरिकत्व घ्यावं लागतं.' आयर्लंडपुरतं हे उत्तर चुकीचं आहे.

आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत देण्यासाठी दोनच मुख्य अटी आहेत. वय १८ पूर्ण हवं आणि वास्तव्य तिथलं हवं. पासपोर्ट कोणत्या देशाचा, याला महत्त्व नाही. भारतीय, नायजेरियन, ब्राझीलियन, सगळ्यांना एकच नियम. आश्रयासाठी अर्ज करून निकालाची वाट पाहणाऱ्यांनाही तो लागू होतो. १९६३ सालापासून परदेशी रहिवाशांना हे मत मिळालं आणि १९७४ पासून उमेदवारीही खुली झाली. त्या काळात आयर्लंड हा लोक येण्याचा नव्हे, तर लोक सोडून जाण्याचा देश होता, हे लक्षात घेतलं तर या तारखांचं जास्तच आश्चर्य वाटतं.

कोणाला कोणतं मत?

इथेच गोंधळ होतो, कारण प्रत्येक निवडणुकीचा नियम वेगळा आहे. राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि सार्वमत यांत फक्त आयरिश नागरिक मत देतात. संसदेच्या म्हणजे 'डॉल'च्या निवडणुकीत आयरिश आणि ब्रिटिश नागरिक. युरोपियन संसदेसाठी युरोपियन युनियनच्या देशांचे नागरिक. आणि स्थानिक कौन्सिलसाठी सगळे रहिवासी.

७ जून २०२४ रोजी आयर्लंडमध्ये स्थानिक आणि युरोपियन अशा दोन्ही निवडणुका एकाच दिवशी झाल्या. त्या दिवशी भारतीय नागरिकाला केंद्रावर फक्त स्थानिक निवडणुकीची मतपत्रिका मिळत होती. त्यात कोणी चूक किंवा भेदभाव केलेला नसतो. मतदार यादीत अशा मतदाराच्या नावापुढे 'एल' हे अक्षर असतं, लोकल या अर्थी.

नाव कसं नोंदवायचं?

नाव आपोआप लागत नाही. 'चेक द रजिस्टर' या सरकारी संकेतस्थळावर पीपीएस नंबर, जन्मतारीख आणि घराचा एअरकोड (तिथला पिनकोड समजा, फक्त तो प्रत्येक घराला वेगळा असतो) देऊन नोंदणी होते. भाड्याची घरं बदलत राहणाऱ्यांनी पत्ता बदलला की नोंदही बदलायची, कारण मतदारसंघ पत्त्यावर ठरतो. यादीत वर्षभर कधीही नाव घालता येतं, पण मतदानाच्या काही दिवस आधी खिडकी बंद होते. निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज करू, असं म्हणणारे बरेचदा तिथेच चुकतात. कौन्सिलची मुदत पाच वर्षांची असल्यामुळे पुढची फेरी २०२९ मध्ये.

मतदान ईव्हीएमवर नाही, कागदावर होतं, आणि शिक्का मारायचा नसतो. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलं आहे, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. एका प्रभागातून ३ ते ७ जण निवडून येतात. समजा ५ जागा आहेत आणि १२,००० वैध मतं पडली, तर निवडून यायला २,००१ मतांचा कोटा लागतो. पहिल्या पसंतीत तो भरला नाही, तर बाद झालेल्या उमेदवारांची मतं पुढच्या पसंतीनुसार सरकत येतात. त्यामुळे एखाद्या वस्तीतल्या दोन-तीनशे परदेशी मतदारांनी कोणाला तिसरी किंवा चौथी पसंती दिली, यावर शेवटची जागा फिरू शकते. उमेदवार दारावर येऊन 'निदान दुसरी पसंती तरी द्या' असं म्हणतात, ते उगाच नाही.

उभं राहायचं असेल तर?

पक्षाचं तिकीट असेल तर पक्षाचं प्रमाणपत्र पुरतं. अपक्ष उमेदवाराला आपल्या प्रभागातल्या १५ नोंदणीकृत मतदारांचा पाठिंबा किंवा १०० युरो अनामत, यांपैकी एक द्यावं लागतं. उमेदवार आयरिश नागरिक किंवा तिथला रहिवासी हवा, एवढंच.

इथे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका उदाहरणाबद्दल सांगायला हवं. 'आपल्या मालवणचा माणूस परदेशातून जाऊन आयर्लंडचा पंतप्रधान झाला' असा मजकूर अधूनमधून येतो. लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, हे खरं. पण लिओ स्वतः डब्लिनमध्ये जन्मले, ते जन्मापासून आयरिश नागरिक. त्यांनी राजकारणाची सुरुवात कौन्सिलपासून केली, तरी परदेशी रहिवाशांच्या हक्काचं ते उदाहरण नव्हे.

जास्त जवळचं उदाहरण रोटिमी अडेबारी यांचं. ते २००० साली नायजेरियातून आश्रय मागत आयर्लंडमध्ये आले. चारच वर्षांनी, २००४ मध्ये, पोर्टलीश या गावात अपक्ष म्हणून निवडून आले. २००७ मध्ये ते तिथले महापौर झाले, आयर्लंडचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. ज्या नगर कौन्सिलमध्ये ते बसले, तशा नगर कौन्सिल २०१४ मध्ये बरखास्त झाल्या. आता देशभरात ३१ मोठ्या कौन्सिल आणि ९४९ सदस्य आहेत.

या हक्काची मर्यादा कुठे आहे, हेही २००४ सालीच दिसलं. ११ जून २००४ ला स्थानिक निवडणुकीसोबत एक सार्वमत झालं. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या मुलाला आपोआप नागरिकत्व मिळावं का, हा प्रश्न होता. ज्यांच्या मुलांचा हा प्रश्न होता त्या परदेशी आईवडिलांना त्या दिवशी त्याच केंद्रावर नगरसेवक निवडता येत होता, सार्वमतात मत देता येत नव्हतं. जवळपास ७९ टक्के मतदारांनी बदलाला होकार दिला आणि जन्मामुळे मिळणाऱ्या नागरिकत्वावर अटी आल्या.

म्हणजे कौन्सिलच्या मतानं व्हिसाचे नियम बदलत नाहीत. पोलीस, सरकारी दवाखाने यांवरही कौन्सिलचा ताबा नाही. सरकारी घरांचं वाटप, बांधकाम परवाने, गावातले रस्ते, वाचनालयं, उद्यानं, अग्निशमन ही तिची कामं. घरभाड्यानं मेटाकुटीला आलेल्या देशात यातली पहिली दोन कामं लहान नाहीत.

भारताचं नागरिकत्व जाईल का?

ही सगळ्यात मोठी भीती. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर भारताचं जातं. रहिवासी म्हणून कौन्सिलला मत देणं म्हणजे नागरिकत्व घेणं नव्हे. उलट अशा व्यक्तीला भारतातलं मतही ठेवता येतं. नोकरी-शिक्षणासाठी बाहेर असलेल्या भारतीय नागरिकानं फॉर्म ६ए भरला की पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. अडचण एकच, मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष केंद्रावर यावं लागतं.

ब्रिटनमध्ये मात्र पत्त्यासोबत पासपोर्टही मोजतात, आणि तिथे भारतीय पासपोर्टचा फायदा होतो. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध व्हिसावर राहणारा भारतीय तिथल्या स्थानिकच नव्हे, तर संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. केंद्रावर फोटो ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. इंग्लंडमध्ये नगरसेवकपदासाठी उभं राहायचं तर कायमस्वरूपी राहण्याचा परवाना लागतो.

याचा गमतीदार परिणाम स्विंडनमध्ये दिसतो. तिथे गोव्याहून गेलेली मोठी वस्ती आहे आणि त्यातल्या अनेकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. ब्रेक्झिटनंतर युरोपियन नागरिकांच्या स्थानिक मतावर निर्बंध आले, पण पोर्तुगालशी ब्रिटनचा वेगळा करार असल्यानं पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांचं ते मत टिकलं. संसदेचं मत मात्र त्यांना नाही. त्याच गल्लीत भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या गोंयकाराला ते आहे.

आणि आपल्याकडे?

भारतात परदेशी रहिवाशाला ग्रामपंचायतीचंही मत नाही, मग तो कितीही वर्षं राहिलेला असो. संविधानाचं कलम ३२६ प्रौढ मताधिकार नागरिकांना देतं, आणि स्थानिक निवडणुकांच्या याद्याही विधानसभेच्या मतदार यादीवरून तयार होतात. ओसीआय कार्डधारकांनाही कायद्यानं मतदानातून स्पष्टपणे वगळलं आहे. म्हणून स्विंडनमधला तो पोर्तुगीज पासपोर्टवाला परत येऊन सासष्टीतल्या आपल्या वडिलोपार्जित घरात राहू लागला, तरी गावच्या पंचाच्या निवडणुकीत त्याला ना मत देता येतं ना उभं राहता येतं. त्यासाठी भारताचं नागरिकत्व पुन्हा मिळवावं लागतं.