औषध, दारू आणि हातगुण : जव्हार-मोखाड्याच्या इतिहासातील लोकसंयमाचा एक विचार

मराठीत ‘दवादारू करणे’ हा प्रयोग आजही औषधोपचार करणे या अर्थानेच रूढ आहे. त्यातील ‘दवा’ हा शब्द मूळचा अरबी, तर ‘दारू’ हा फार्सी. आणि फार्सीत ‘दारू’ म्हणजे औषधच होय. मराठीत आल्यावर हा शब्द एकीकडे तोफाबंदुकांच्या स्फोटक चूर्णाकडे गेला आणि दुसरीकडे मद्याकडे. औषध हा मूळ अर्थ तेवढा ‘दवादारू’सारख्या जोडशब्दाच्या आडोशाने टिकून राहिला. शब्दाच्या या प्रवासावरून वस्तूंचा इतिहास सिद्ध होतो असे नव्हे. परंतु गुण देणारी वस्तू आणि धुंदी आणणारी वस्तू यांमधील अंतर किती थोडे आहे, याची जाणीव त्यावरून खचित होते. हे अंतर समाज कोणत्या साधनांनी राखतो, हा प्रश्न पौगंडावस्थेतील मुलांकडून होणाऱ्या औषधांच्या गैरवापरामुळे आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. त्याचे उत्तर शोधताना पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांचा व त्यांच्या परिसराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास बराच उपयोगी पडतो. तो इतिहास मुख्यतः मद्यासंबंधीचा आहे हे खरे. परंतु गावाने गावासाठी बंधन घालून घेणे म्हणजे काय, हे त्यात स्पष्ट दिसते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यापासून वेगळा झाला. स्वातंत्र्यापूर्वी या दोन तालुक्यांची राज्यव्यवस्था भिन्न होती. जव्हार हे मुकणे या कोळी राजघराण्याचे संस्थान होते व ते १९४८ मध्ये विलीन झाले. मोखाडा हा मात्र इंग्रजी अमलातील ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्याखालील पेटा होता. सत्ता दोन असल्या तरी वस्ती एकाच प्रकारची : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी. या लोकांच्या जीवनात मोहाच्या झाडाचे स्थान सर्वांना परिचित आहे. मोहाचे फूल खाण्यात येते, त्याच्या बियांचे तेल निघते आणि त्याच फुलांची दारू देवांना, पूर्वजांना व लग्नकार्याला लागते. रोग झाला म्हणजे भगताकडे जावयाचे. तो कौल पाहतो आणि रानातील मुळीपाला देतो. अन्न, पेय आणि औषध ही तिन्ही एकाच रानातून येत असल्याने त्यांच्यातील भेद वस्तूवरून ठरत नसे. ती कोणी, कोणाला व कोणत्या प्रसंगी दिली यावरून तो ठरे.

हीच दृष्टी मराठी भाषेत औषधाभोवती जमलेल्या शब्दांतही आढळते. ‘मात्रा’ म्हणजे मोजलेले प्रमाण; ‘अनुपान’ म्हणजे औषध ज्याच्यासह घ्यावयाचे ते; ‘पथ्य’ म्हणजे औषध चालू असता पाळावयाचे नियम. एखादी वस्तू मुळीच नाही हे सांगताना ‘औषधालाही नाही’ असे म्हणतात. म्हणजे औषध हे अत्यल्प व मोजकेच असावयाचे, ही कल्पना वाक्प्रचारातच मुरलेली आहे. या सर्वांत अर्थपूर्ण शब्द ‘हातगुण’ हा होय. औषधाचा गुण औषधात आहेच. पण तो देणाऱ्याच्या हातातही आहे, असा त्याचा भाव आहे. आधुनिक औषधशास्त्र हातगुण मानणार नाही. परंतु या शब्दाच्या पोटात एक सामाजिक नियम दडलेला आहे. औषध हे दुसऱ्याच्या हातून यावयाचे असते, आणि तो हात ओळखीचा व उत्तरदायी असावा लागतो, हा तो नियम.

मद्याच्या बाबतीत हा हात बदलला तो इंग्रजी अमलात. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला आणि मद्य गाळण्याचा व विकण्याचा अधिकार सरकार व मक्तेदार यांच्याकडे एकवटला. पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. घरी गाळलेली, घरातील वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली सणासमारंभाला वाटली जाणारी दारू बेकायदेशीर ठरली. दुकानात पैसे टाकून मिळणारी दारू कायदेशीर झाली. दुकानदार बहुतेक ठिकाणी पारशी मक्तेदार असत, आणि दारूच्या उधारीतून आदिवासींचे कर्ज वाढत असे. सरकारच्या दृष्टीने प्रश्न महसुलाचा होता. गावाच्या दृष्टीने एक बंधन नाहीसे झाले आणि त्याच्या जागी दुसरे आले नाही. कोणाला किती द्यावयाची हे आता दुकानदार ठरवू लागला, आणि त्याचा हिशेब नफ्याचा होता.

या परिस्थितीला लोकांनी दिलेले सर्वांत मोठे उत्तर म्हणजे १९२२ चे देवीचे आंदोलन. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचा सविस्तर इतिहास दिला आहे. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत रोगशांतीसाठी होणाऱ्या देवीच्या विधीपासून त्याचा प्रारंभ झाला. तेथून ते पूर्वेकडील डोंगराळ आदिवासी मुलखात शिरले, घाट चढून नाशिककडे गेले, आणि डांगमार्गे त्याच वर्षाच्या अखेरीस सुरत जिल्ह्यात पोहोचले. जव्हार-मोखाड्याचा प्रदेश किनारा आणि नाशिकचे पठार यांच्या मधोमध आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. गावोगावी माणसे जमत, काहींच्या अंगात देवी येई आणि त्यांच्या मुखाने आज्ञा होत : दारू व ताडी पिऊ नका, मांसमच्छी खाऊ नका, रोज स्नान करा, दारूविक्रेत्याशी व्यवहार ठेवू नका. बाहेरचा कोणी सुधारक हे शिकवावयास आला नव्हता. राष्ट्रीय चळवळीचे पुढारी तेथे पोहोचले ते मागाहून.

या आंदोलनाच्या यशाची कारणे पाहिली म्हणजे तीन गोष्टी ठळकपणे पुढे येतात. पहिली, निर्णय सर्वांसमक्ष व सर्वांनी एकदम घेतला. त्यामुळे मोह आवरण्याचा भार एकट्या तरुणावर पडला नाही. दुसरी, आज्ञा लोकांच्या स्वतःच्या श्रद्धेच्या भाषेत झाली. तिसरी, बंधन पिणाऱ्यावर जेवढे होते तेवढाच बहिष्कार विकणाऱ्यावरही होता. याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. अंगात येणे ओसरले तशी अनेक गावे पूर्वस्थितीवर आली. सुरतेकडील ज्या भागांत आश्रम, शाळा व कार्यकर्ते यांची जोड मिळाली तेथे परिणाम अधिक काळ राहिला. उत्साहाने बंधन निर्माण होते; ते टिकवावयाचे तर रोजची व्यवस्था लागते, असा याचा निष्कर्ष होय.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न औषधाच्या बाजूने पुढे आला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात ‘मद्य’ या संज्ञेत मद्यार्क असलेले सर्व द्रव पदार्थ आले. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये हा कायदा बहुतांशी ग्राह्य धरला. परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्या वापरावरील बंदी अवाजवी ठरवून रद्द केली. रोग्याच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्यच होता. तथापि दारूबंदीच्या काळात औषधी अर्कांचा पेय म्हणून उपयोग होऊ लागला, आणि कोणती वस्तू पिण्यास अयोग्य म्हणून मोकळी सोडावी हे ठरविण्यासाठी कायद्यात दुरुस्ती करून तज्ज्ञ मंडळ नेमावे लागले. बाटली तीच, अर्क तोच. घेणाऱ्याच्या हेतूप्रमाणे ते औषध ठरे किंवा दारू. यादी कितीही बारकाईने केली तरी हेतू तिच्यात मावत नाही, हे त्या अनुभवाने दाखवून दिले.

पुढील कायदे याच यादीच्या मार्गाने गेले. १९४० च्या औषध कायद्याखालील नियमांनी काही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा व्यापक कायदा झाला. मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही नवी अनुसूची अमलात आली; कोडीन, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन औषधविक्रेत्यावर आले. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेतही घेण्यात आले. २०१५ च्या बालन्याय कायद्याने डॉक्टरच्या आदेशावाचून मुलाला मद्य, अमली वा मनःप्रभावी पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा सांगितली. असे असूनही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातील १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लक्ष व्यक्ती, वैद्यकीय सल्ल्याबाहेर शामक औषधे घेत असल्याचे आढळले.

जव्हार-मोखाड्यात या कायद्यांचा विचार करताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. या प्रदेशाचे मोठे दुःख औषधाच्या अतिरेकाचे नसून अभावाचे आहे. १९९२-९३ च्या सुमारास वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना सुरू झाली. महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्तविकारही आढळतो. त्याच्या तीव्र वेदनांत शाळकरी मुलालाही वेदनाशामक औषध द्यावे लागते, प्रसंगी प्रबळ औषधही द्यावे लागते. अशा ठिकाणी गैरवापराच्या भयाने औषधच दुर्मिळ केले, तर ज्याला त्याची खरी गरज आहे त्याच्यावर अन्याय होईल. प्रतिबंधाचा मार्ग टंचाईतून जाता कामा नये.

मग तो कोठून जावा? येथे पुन्हा हाताचा विचार करावा लागतो. ‘औषध देणे’ या प्रयोगात देणारा असावाच लागतो. ‘गोळी घेणे’ या प्रयोगात त्याची गरज उरत नाही. पौगंडावस्थेतील मुलाचा धोका नेमका या दुसऱ्या स्थितीत आहे. पावसाळा संपला की या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर व शहरांकडे मजुरीला जातात. मुले आश्रमशाळेत, आजीआजोबांजवळ किंवा आईबापांबरोबर मजुरीच्या ठिकाणी असतात. मागच्या दुखण्यातील उरलेल्या गोळ्या, कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेले खोकल्याचे औषध, अंगदुखी घालविण्यासाठी घेतलेली गोळी यांना मात्रा नसते, पथ्य नसते आणि देणारा हातही नसतो. ग्रामीण मराठीत फवारणीच्या विषालाही ‘औषध’ असेच म्हणतात. घरातील एकाच फळीवर ही दोन्ही ‘औषधे’ राहिली, तर शब्दाचा संदेह प्राणांवर बेतू शकतो.

गावाच्या हाती आज काही साधने आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार मान्य केला, आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्यासाठी नियम केले. जव्हार व मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रातच मोडतात. परवानाधारक दुकानातील औषधांवर देखरेख हे अन्न व औषध प्रशासनाचे काम आहे व ते ग्रामसभेने करावयाचे नाही. परंतु चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीची तक्रार ग्रामसभेने ठराव करून केली, तर तिचे वजन एकट्या पालकाच्या तक्रारीहून निश्चितच अधिक राहील. २००५ नंतर गावोगावी आलेली आशा कार्यकर्ती साधी औषधे जवळ बाळगते व ती स्वतःच्या हाताने देते; गावाच्या ओळखीचा तो हात आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातील मुलामुलींमधूनच समवयस्क मार्गदर्शक निवडण्याची योजना आहे, आणि मादक पदार्थांचा गैरवापर हा त्याच्या विषयांपैकी एक आहे. गडचिरोलीतही १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दारूमुक्तीची लोकचळवळ झाली, १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली, आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमाने गावसंघटनेच्या द्वारा तंबाखू व दारू यांविरुद्ध काम केले. कायदा आल्यानंतरही गावाची संघटना लागतेच, हे तेथेही दिसून आले.

१९२२ चे तीन धडे या साधनांना लावून पाहिले तर कामाची दिशा ठरते. निर्णय पाड्याच्या बैठकीत, मुलांच्या समक्ष व त्यांना सहभागी करून व्हावा, म्हणजे संयम एकट्या मुलाची परीक्षा होणार नाही. भाषा लोकांची असावी. ‘औषधांचा गैरवापर’ या शब्दप्रयोगाने जे सांगता येत नाही ते मात्रा, पथ्य आणि हातगुण या शब्दांनी सहज सांगता येते. भगतालाही या कामात विरोधक समजण्याचे कारण नाही. औषध दिल्यावाचून घ्यावयाचे नाही, हा नियम त्याच्या परंपरेतलाच आहे. आणि बंधन घेणाऱ्याइतकेच विकणाऱ्यावरही असावे. उरलेल्या गोळ्या आशा कार्यकर्तीकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात परत देणे, आश्रमशाळेत आजारी मुलाचे औषध एका जबाबदार व्यक्तीने स्वतःच्या हाताने देणे, फवारणीचे विष घराबाहेर कुलपात ठेवणे, या गोष्टी लहान आहेत. परंतु देवीच्या आंदोलनात नेमकी हीच रोजची व्यवस्था अपुरी पडली होती. कायद्याने वस्तूंची यादी करावी हे योग्यच आहे. त्या यादीतील औषध आजारी मुलापर्यंत वेळेवर पोहोचावे आणि निरोगी मुलाच्या हाती एकट्याने पडू नये, ही दोन्ही कामे शेवटी ओळखीच्या हातालाच करावी लागतात.